एका प्रबंधाची हकीकत

गेल्या पालकसभेच्या दिवशी सभा आटोपून मंडळी चहापानास उठली असता एक पालक आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, आमची थोरली मुलगी आता महाविद्यालयात जाईल. पदवी चार वर्षांची झाली आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो, असे ऐकतो. प्रबंध म्हणजे मोठा निबंधच ना? मग त्यास वर्ष कशाला, आणि वर एक प्राध्यापक मार्गदर्शक कशाला?" प्रश्न सरळ होता, परंतु चहाचा पेला रिकामा होईतो त्याचे उत्तर देणे काही आम्हांस साधले नाही. त्या गृहस्थांचे देणे या वार्षिकाच्या पानांतून फेडावे, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम नियमाची गोष्ट सांगून टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे तीन वर्षे पुरी करणाऱ्यास पदवी मिळते व चौथे वर्ष पुरे करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविलेल्या ज्या विद्यार्थ्यास संशोधनाची आवड असेल, त्याने चौथ्या वर्षी एखाद्या अध्यापकाच्या देखरेखीखाली संशोधन करून प्रबंध लिहिल्यास त्यास 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी मिळते. तेव्हा प्रबंध सर्वांस सक्तीचा नाही. तो ज्याने त्याने आपण होऊन पत्करावयाचा आहे. नियम एवढाच. परंतु प्रबंध म्हणजे काय, हे नियमावरून कळत नाही. ते कळावयास एखाद्या प्रबंधाची हकीकतच ऐकावी लागते. आणि आम्हांस ठाऊक असलेली हकीकत आमची स्वतःचीच असल्यामुळे, आत्मस्तुतीचा दोष पत्करून, किंबहुना पुढे दिसेल त्याप्रमाणे आत्मनिंदेचा दोष पत्करून, तीच येथे सांगतो.

आम्ही २००१ साली बी. ए. झालो. त्या वेळी आमच्या विद्यापीठात पदवीपरीक्षेस प्रबंध नव्हता. परंतु आमच्या महाविद्यालयात मराठीचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. ते दरवर्षी शेवटच्या वर्गातील दोघातिघांकडून परीक्षेबाहेर एक लहानसा प्रबंध लिहवून घेत. त्यास विद्यापीठाचा एकही गुण नव्हता. मात्र जानेवारीअखेर जे प्रबंध पुरे होत, त्यांतील उत्तम प्रबंधास वार्षिक समारंभात एक हजार रुपयांचे पारितोषिक मिळे. आम्ही मिशनच्या वसतिगृहात राहणारे, पुढे एम. ए. करण्याची हाव असलेले, आणि खिशाने रिते असे विद्यार्थी होतो. आमची विद्येची आवड खरी होती, हे खोटे नाही. परंतु त्या आवडीस हजार रुपयांचा टेकू होता, हेही खोटे नाही.

विषय ठरविण्याकरिता आम्ही सरांकडे गेलो, तेव्हा आमच्या हातातील कागदावर 'मराठी वाङ्मयातील ग्रामीण जीवन' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. सरांनी तो वाचून विचारले, "या विषयावर पुस्तके किती?"

"पुष्कळ आहेत, सर."

"त्यांतील तू वाचलीस किती?"

"चार."

"आणि महिने किती आहेत?"

"सात."

सर हसले नाहीत. कागद परत देऊन ते म्हणाले, "सात महिन्यांत ज्याचे उत्तर तुझ्या हाती लागेल असे काहीतरी आण. विषय नको; प्रश्न आण."

विषय व प्रश्न यांत काय भेद आहे, हे आम्हांस त्या वेळी कळले नाही. विषयाचे एक सुख असे असते की, त्याच्या सावलीत कितीही वेळ बसता येते; प्रश्न मात्र माणसास उठवून चालावयास लावतो.

पुढे सुटीत घरी गेलो असता एके संध्याकाळी वडिलांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत होतो. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या, जिल्ह्यात आमचे गाव आहे. वडील तरुणपणी एका बागायतदाराकडे सालदार होते व त्याच्या विहिरीवर मोट हाकीत असत. १९७२ च्या दुष्काळात ती विहीर आटली. पाऊस आला, विहिरीस पाणीही आले. परंतु मोट पुन्हा बांधली गेली नाही, तिच्या जागी इंजिन आले. आणि वडील मिशनच्या आवारात माळीकामास लागले. वर्तमानपत्रात कोठल्याशा अपघाताची बातमी होती, आणि तीत एक इसम रक्ताच्या थारोळ्यात पडल्याचे छापले होते. वडिलांनी आम्हांस मध्येच थांबविले.

"थारुळ्यात रगत कुठून आलं रं? थारुळ्यात पानी असतंय."

आम्ही तो शब्द शेकडो वेळा वाचला होता. परंतु रक्ताच्या सोबतीवाचून तो कोठे राहात असेल, असे कधी मनातही आले नव्हते. वडिलांनी सांगितले की, मोट वर येऊन जेथे रिती होते, ते विहिरीच्या काठाचे दगडी कुंड म्हणजे थारोळे. तेथून पाणी पाटात जाते व पाटातून वाफ्यात. रात्री वसतिगृहात परतल्यावर आम्ही ग्रंथालयातून मोल्सवर्थचा कोश काढून पाहिला, तो वडिलांचाच अर्थ तेथे होता. दुसऱ्या दिवशी सरांपुढे जाऊन आम्ही म्हणालो, "मोटेच्या शेतीतील शब्द मोल्सवर्थच्या कोशात किती आले आहेत, आणि किती राहून गेले आहेत?" सर म्हणाले, "हा प्रश्न आहे. बस."

ज्या कोशाभोवती आमची पुढील सहा महिने प्रदक्षिणा चालली, त्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांस थोडे सांगणे अवश्य आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी. त्यांनी जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ पुढे विलायतेस परतले होते. परंतु कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीकरिता ते पुन्हा इकडे आले, आणि ती आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यांच्या साहाय्यकांपैकी थॉमस कँडी हे तेच मेजर कँडी, ज्यांस मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय देतात. आपल्या वहीतील स्वल्पविराम हा त्यांचाच वारसा होय. याच काळात, १८२९ साली, जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती पंडितांचा मराठी-मराठी कोशही प्रसिद्ध झाला होता. म्हणजे साहेबांची चिकाटी आणि शास्त्र्यांची विद्या अशा दोहोंनी मराठी शब्दांचे हे भांडार भरले. परंतु नाडा, धाव, थारोळे हे शब्द साहेबांच्या बंगल्यात किंवा शास्त्र्यांच्या वाड्यात जन्मलेले नव्हेत; ते कोणा ना कोणा मोटकऱ्याच्या तोंडून आले असले पाहिजेत. त्या मोटकऱ्याचे नाव मात्र शब्दापुढे लिहिलेले नाही. ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात येण्यास जे घडावे लागले, ते पुढे सांगतो.

कामाची रीत सरांनी पहिल्याच दिवशी घालून दिली. एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहावयाचा. त्याखाली अर्थ, त्याखाली तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, आणि अगदी तळाशी तो कोठे, केव्हा व कोणाकडून ऐकला ते. दर शनिवारी दुपारी चार वाजता चिठ्ठ्यांचा जुडगा घेऊन सरांच्या खोलीत जावयाचे. सर एकेक चिठ्ठी चष्म्याजवळ धरीत आणि पेन्सिलीने तीवर बहुधा एकच शब्द लिहीत: 'कशावरून?' वाक्य चांगले साधले असले तरी 'कशावरून?', आणि चुकले असले तरी 'कशावरून?' त्यांनी आमचे वाक्य कधी आपल्या हाताने सुधारले नाही, आणि पुढे काय लिहावे हेही कधी सांगितले नाही. प्रारंभी आम्हांस याचा राग येई. ज्यांस सर्व ठाऊक आहे, त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकले तर आमचे दोन आठवडे वाचतील, असे वाटे. एकदा धीर करून तसे बोललोही. सर म्हणाले, "मी सांगितले तर ते मला ठाऊक असलेले होईल. तुला ठाऊक कसे होणार?" मग त्यांनी मोल्सवर्थ उघडून शब्दापुढील खुणा दाखविल्या. हा संस्कृतातून आला, हा फारसीतून, हा हिंदुस्थानीतून, असे शब्दाचे मूळ तेथे नोंदलेले असते. "पाहा, साठ हजार शब्द लिहिणारा मनुष्यही 'कशावरून' याचे उत्तर देत चालला आहे. तुझे तर दोनशेच शब्द आहेत."

दोनशे बारा होते. नोव्हेंबरात ते सर्व कोशाशी ताडून पाहण्याचे काम संपले, आणि आमचा आनंद गगनात मावेना; कारण त्यांतील सत्तावन्न शब्द मोल्सवर्थमध्ये सापडले नव्हते! एवढा थोर कोशकार, आणि त्याच्या हातून निसटलेले सत्तावन्न शब्द एका खेड्यातील विद्यार्थ्याने टिपले! आम्ही प्रबंधाचा उपसंहार सर्वांआधी लिहून काढला. तो आज आठवला तरी लाज वाटते. सरांनी ती यादी शांतपणे वाचली आणि 'वढाळ' या शब्दावर बोट ठेवले.

"हा शब्द कोठे पाहिलास?"

"व या अक्षराखाली."

"तुमच्या गावी ओझ्यास काय म्हणतात?"

"वझं."

"औतास?"

"आवत."

"विळ्यास?"

"इळा."

"मग ओढाळ गुरास काय म्हणतील?"

आम्ही उत्तर दिले नाही. ते देण्याची गरजही नव्हती. 'ओढाळ' हा शब्द कोशात आपल्या जागी सुखाने बसलेला होता; आम्ही मात्र त्याचे दार चुकवून शेजारच्या घराची कडी वाजवीत होतो आणि घरात कोणी नाही, असे गावास सांगत होतो. गावच्या बोलीत 'वि'चा 'इ' होतो, 'वे'चा 'ये' होतो, 'ओ'चा 'व' होतो. हे आम्ही जन्मापासून बोलत आलो होतो, आणि म्हणूनच ते आम्हांस दिसले नव्हते. तो शनिवार, आणि त्यानंतरचे तीन शनिवार, सत्तावन्न चिठ्ठ्या पुन्हा तपासण्यात गेले. अठ्ठेचाळीस शब्द कोशात सापडले. नऊ राहिले. सरांनी मग दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुढे ठेविले. ते १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेले आहेत. त्यांत आणखी सहा सापडले. उरले तीन; आणि त्या तिहींपैकी एक तर शब्दही नव्हता, बैलांस धावेवरून मागे घेताना वडील जिभेने काढीत तो आवाज होता.

आम्ही रडकुंडीस येऊन म्हणालो, "सर, सहा महिन्यांचे तीन शब्द!"

सर म्हणाले, "सत्तावन्न तुझ्या मनाचे होते. हे तीन खरे आहेत." क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, "आणि शब्द बोलीतून कोशात जाताना कसा कपडे बदलतो, हे जे तुला अठ्ठेचाळीस ठिकाणी दिसले, ते तू मोजलेच नाहीस. तोच तुझा प्रबंध आहे." शोधावयास निघालो होतो एक गोष्ट, आणि चूक तपासता तपासता हाती लागली दुसरी व अधिक मोलाची. असे पुष्कळदा घडते, असे आता आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगतो. त्या दिवशी मात्र आम्हांस फक्त हजार रुपये दूर जाताना दिसले.

आता या हकीकतीतील जो भाग सांगणे आम्हांस सर्वांत जड आहे, त्याकडे वळतो.

चिठ्ठीच्या तळाशी शब्द कोणाकडून ऐकला हे लिहावयाचे असे, हे वर सांगितलेच आहे. आमच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर 'एक वृद्ध शेतमजूर' एवढेच लिहिलेले होते. तो वृद्ध शेतमजूर म्हणजे आमचे वडील. महाविद्यालयातील आमच्या मित्रांचे वडील कोणी शिक्षक, कोणी पाळक, कोणी कचेरीत कारकून. आमचे वडील माळी आहेत, हे आम्ही कोणापासून लपविले नव्हते, परंतु कोणास सांगितलेही नव्हते. प्रबंधात त्यांचे नाव घालावयाचे म्हणजे ते छापील अक्षरांत सांगण्यासारखे होते. शिवाय आमच्या मनाने एक पंडिती सबबही शोधून ठेविली होती: आपल्याच बापाचा दाखला दिला तर विद्वान लोक त्यास प्रमाण मानणार नाहीत! मनुष्यास लाज झाकावयाची असली म्हणजे तत्त्वाचे वस्त्र फार लवकर सापडते.

जानेवारीच्या मध्यावर प्रबंध डी.टी.पी.च्या दुकानात अक्षरजुळणी होऊन आला. चौसष्ट पाने होती. पैसे वडिलांनी दिले होते. शेवटी मोटेची एक आकृती आम्ही स्वतः काढून जोडली होती. सहीकरिता प्रत सरांपुढे ठेविली. त्यांनी सबंध वाचली आणि आकृतीवर येऊन थांबले. "ही आकृती त्या वृद्ध गृहस्थांस दाखविलीस काय?"

"नाही, सर."

"कशावरून काढलीस?"

"कोशातील अर्थांवरून."

"मला यातले कळत नाही. त्यांस दाखवू. ते कोठे राहतात?"

आम्ही म्हणालो, गाव लांब आहे. सर म्हणाले, एस. टी. जाते. आम्ही म्हणालो, त्यांस कामामुळे सवड नसते. सर म्हणाले, आपण त्यांच्या सवडीने जाऊ. असे दोन-चार वेळा झाले, आणि मग आमच्या तोंडून निघून गेले, "सर, ते आमचे वडील आहेत."

सर पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. शेवटी एवढेच म्हणाले, "सहा महिने मी विचारीत होतो, कशावरून, आणि उत्तर तुझ्या घरी होते."

रविवारी सर आमच्या गावी आले. वडील आवारातील कडुनिंबाखाली वाफे बांधीत होते. ते हात धुऊन उभे राहिले, आणि सर त्यांच्याशी "आपण" म्हणून बोलू लागले. आमच्या वडिलांस कोणी "आपण" म्हटलेले आम्ही त्यापूर्वी ऐकले नव्हते. वडिलांनीही बहुधा ऐकले नसावे, कारण प्रथम त्यांनी मागे वळून कोणी उभे आहे काय ते पाहिले. सरांनी आकृती त्यांच्या हाती दिली. वडिलांनी ती उभी धरली, आडवी धरली, आणि म्हणाले, "लेका, ही मोट भरून वर येईल आन् भरलेलीच खाली जाईल."

मग त्यांनी काडीने जमिनीवर रेघा ओढून दाखविले. मोटेस दोर दोन असतात. जाड तो नाडा; तो मोटेच्या तोंडाच्या लोखंडी कड्यास बांधतात, आणि तो उंचावरील चाकावरून जातो. बारीक ती सोंदूर. ती मोटेच्या खालच्या सोंडेस बांधतात, आणि ती थारोळ्याच्या काठावरील आडव्या लाकडी रुळावरून, म्हणजे खालून, जाते. दोन्ही दोर बैलांच्या जोखडास. बैल उतरत्या धावेवरून पुढे चालले म्हणजे मोट वर येते. येताना सोंदूर सोंडेस वर आखडून धरते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की नाडा तिला वर चाकाकडे नेतो, आणि सोंदूर सोंडेस खाली रुळाकडे ओढते. सोंड थारोळ्यात मोकळी होते व मोट आपोआप रिती होते. आम्ही दोन्ही दोर एकाच चाकावरून नेले होते. आमच्या आकृतीत नाडा होता, सोंदूर होती, चाक, सोंड, थारोळे, धाव, सारे होते, आणि प्रत्येकाचा अर्थ कोशाप्रमाणे अचूक होता. शब्द सगळे बरोबर होते. मोट मात्र चुकली होती.

वडील सरांस म्हणाले, "सोंदर हातभर ढिली राहिली तरी समदं पानी माघारी इहिरीत. नाडा दांडगा असून उपेग नाही." सरांनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतले, आणि खाली गावाचे नाव, तारीख व आमच्या वडिलांचे पूर्ण नाव लिहिले. लिहिताना त्यांनी नावाचे अक्षर अन् अक्षर वडिलांस विचारून घेतले.

सरांनी आम्हांस पुढे काय करावे हे सांगितले नाही. ते कधी सांगतच नसत. जानेवारी संपावयास नऊ दिवस उरले होते. प्रत तशीच दिली असती तर मुदत साधली असती. मोट कशी रिती होते हे परीक्षकांपैकी कोणास ठाऊक असते? परंतु एकशे त्र्याण्णव चिठ्ठ्यांच्या तळची ओळ बदलावयाची होती, प्रत्येक शब्दाचा अर्थ वडिलांसमोर पुन्हा वाचावयाचा होता, आकृती नवी काढावयाची होती, आणि चौसष्ट पाने पुन्हा जुळवून घ्यावयाची होती. दोन रात्री आम्ही तळमळलो. तिसऱ्या दिवशी पहिली प्रत वसतिगृहाच्या खोलीत ठेवून गावची एस. टी. धरली.

प्रबंध मार्चात पुरा झाला. पारितोषिक दुसऱ्या एका विद्यार्थ्यास मिळाले, आणि त्याचा प्रबंध उत्तम होता. दुसऱ्यांदा जुळणीचे पैसे आम्ही उन्हाळ्यात शिकवण्या करून फेडले. एम. ए. एक वर्ष लांबले. सरांनी पहिल्या पानावर सही केली, आणि त्याच पानावर, त्यांच्या नावाच्या वर, ज्यांच्याकडून शब्द मिळाले त्यांचे नाव आहे. ते नाव आम्ही येथे पुन्हा लिहीत नाही, कारण वडिलांनीच बजावले होते, "एकदा लिवलंस, पुरं झालं. गावभर मिरवू नगंस."

प्रत घरी नेली त्या रात्री वडिलांनी आपल्या नावाचे पान अक्षरांवर बोट ठेवून वाचले. मग बाकीची पाने उलटून ते थेट आकृतीवर गेले, दिव्याजवळ धरून दोन्ही दोरांवरून बोट फिरविले आणि म्हणाले, "हां. आता पानी थारुळ्यात पडंल." आमच्या प्रबंधावर पुढे-मागे जी थोडी स्तुती झाली असेल, तीत या अभिप्रायाच्या तोडीचे आम्हांस काहीच मिळाले नाही. २०१४ साली वडील निवर्तले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली ती प्रत होती, आणि आकृतीच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

असो. आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. प्रबंध म्हणजे मोठा निबंध नव्हे. निबंधात आपणांस काय वाटते ते लिहावे. प्रबंधात आपणांस काय ठाऊक आहे, ते कशावरून ठाऊक आहे, आणि ते कोणाकडून मिळाले, हे लिहावे. त्यास वर्ष लागते ते लिहिण्यास नव्हे. आपले सत्तावन्न खरोखर किती आहेत, हे कळण्यास लागते. आणि मार्गदर्शक कशाला, याचे उत्तर आमच्या वडिलांनीच देऊन ठेविले आहे. भार ओढणारा नाडा विद्यार्थ्यानेच व्हावयाचे असते. मार्गदर्शक ही बारीक सोंदूर आहे. ती वजन उचलीत नाही. परंतु ती ढिली राहिली तर कष्टाने वर आणलेले पाणी माघारी विहिरीत जाते.

आजच्या विद्यार्थ्यांस आमच्याहून पुष्कळ सोयी आहेत. मोल्सवर्थचा कोश आता संगणकावर आहे, आणि हवा तो शब्द क्षणात पुढे येतो. मात्र 'इळा' लिहून 'विळा' शोधणाऱ्याची फजिती अजूनही आमच्यासारखीच व्हावयाची. शिवाय कोणताही विषय सांगावा आणि पानेच्या पाने लिहून घ्यावीत, अशी साधने निघाली आहेत, आणि ती कशी वापरावीत हे आमचे विद्यार्थीच आम्हांस शिकवितात. त्या साधनांची आम्ही निंदा करीत नाही. परंतु त्या पानांवर कोणी पेन्सिलीने 'कशावरून?' असे लिहिले, तर उत्तर द्यावयास उभे कोण राहणार, एवढे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे प्रबंध लिहील, कोणी लिहिणार नाही. परंतु ही सवय लागण्यास महाविद्यालयाची वाट पाहावयास नको. तुमच्या घरी कोणाचे वडील गवंडी आहेत, कोणाची आई शिवणकाम करते, कोणाची आजी जात्यावर दळलेली आहे. त्यांच्या हातात व तोंडात जे आहे, ते पुष्कळसे कोणत्याही पुस्तकात नाही, आणि जे पुस्तकात आहे ते त्यांच्यासारख्यांकडूनच तेथे गेलेले आहे. त्यांस विचारा, लिहून घ्या, आणि खाली त्यांचे नाव लिहावयास लाजू नका. आणि पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी वही-पेन्सिल घेऊन तुमच्यापुढे बसेल, तेव्हा "मला काय कळते, तुझ्या सरांस विचार" असे म्हणू नका. सरांनीच कदाचित तिला तुमच्याकडे पाठविले असेल.